पांढऱ्या रुमालाला लावलेले हात

“हात दाखव. दोन्ही. उलटे कर.”

डहाणू रोडच्या गिफ्टच्या दुकानात, चौदा फेब्रुवारीच्या दुपारी, गिऱ्हाइकांसमोर मी हात उलटे केले. शाळेत नखं तपासतात तसे. पस्तीस वर्षांची बाई मी. तरी मुकाट केले. आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

हात लाल होते. मनगटापर्यंत. मी फुग्यांच्या कारखान्यात रंग कालवते. संक्रांत सरली की बदामाच्या आकाराच्या फुग्यांची ऑर्डर येते, मग महिनाभर लालशिवाय दुसरा रंग नाही. रबराच्या दुधात रंग ओतायचा, गुठळ्या बोटांनी फोडायच्या. हातमोजे मागितले तर सुपरवायझर म्हणतो, “मोज्यात गुठळी कळत नाय.” हा रंग साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही. होळीपर्यंत कातडीत बसतो. पण दुसऱ्या कशाला लागतही नाही. त्याच हातांनी मी भाकरी थापते, पीठ पांढरंच राहतं.

त्या दुकानात छताला आमचेच फुगे टांगलेले होते. खाली ही गर्दी. एक दिवस गुलाबाचा, एक चॉकलेटचा, एक अस्वलाचा. प्रेम करायला यांना वेळापत्रक लागतं. कॉलेजातला एक पोरगा दुकानदाराला हळूच सांगत होता, “शेठ, दोनशेवालंच द्या, पण पाचशेचं वाटलं पाहिजे.” आणि दुकानदार त्याला ‘सर’ म्हणत होता. काय सांगावं आता.

मग मी का गेले तिथे? गेले, झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रेमाचा रंग कालवला, एकदा आपल्या नवऱ्याला काहीतरी घ्यावं वाटलं. तो अच्छाडला हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढतो. घाम शर्टाच्या बाहीला पुसतो. त्याच्यासाठी रुमाल घ्यायचा होता. पांढरा, कोपऱ्यात छोटा बदाम काढलेला.

आमच्या उधव्याच्या बाजारात कापड घेताना आम्ही पाड्यांवरचे आदिवासी ते उचलतो, चुरगळतो, ताणून बघतो. न चाचपता घेतलं तर विकणाराच मनात हसतो. मी इथेही तेच केलं. खोका उघडला, रुमाल काढला, बोटांत चोळला.

“ए बाई, हात नको लाव.” दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. मग ते हात उलटे करणं झालं.

शेजारची पोरगी मैत्रिणीला म्हणाली, “ई, रक्त आहे का ते?” मैत्रिणीने मोबाइल काढून माझ्याकडे धरला. दोनशेवाला पोरगा हसला.

“आता हा रुमाल कोण घेणार?” दुकानदार म्हणाला. “तुम्हा लोकांना हात धुवून यायचं पण कळत नाय.”

तुम्हा लोकांना. कोण लोक, ते मला बरोबर कळलं.

हात धुवूनच आले होते. तीनदा. तेच सांगायला तोंड उघडलं आणि मला माझी शिसारी आली. या माणसाला मी विनवणार होते? मी स्वच्छ आहे, हे याच्याकडून पास करून घेणार होते?

मी रुमाल काउंटरवर पसरला. दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि घासले. जोर लावून. कढईचा तळ घासतात तसे. मग रुमाल उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

पांढरा होता. जसाच्या तसा.

मैत्रिणीने मोबाइल खाली घेतला. दुकानदार ओशाळला, पण किती? एवढाच. “आधी सांगायचं ना, फुग्याच्या कारखान्यात आहेस म्हणून. जा, घेऊन जा. फुकट.”

“का सांगू?” मी विचारलं. “या पोराने सांगितलं, तो कुठून आला ते?”

रुमाल तिथेच टाकला आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर रडले, ते रागाने.

घरी नवरा म्हणाला, “जाऊ दे. एवढ्यासाठी कशाला डोकं फिरवतेस?” मी म्हटलं, “तुझ्यासाठी रुमाल घ्यायला गेले होते आणि माझे हात तपासले. हे एवढंसं आहे?” त्याने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, “मला रुमाल नको तिथला.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी सगळं बायकांना सांगितलं. एकीने हळूच सांगितलं, तिला तर दारातूनच हाकललं होतं. दुसरीला चपलांच्या दुकानात. प्रत्येकीकडे एकेक निघालं. आजवर आम्ही ते एकमेकींपासूनही लपवलं होतं. असला मूर्खपणा आता होणार नाही.

पुढच्या चौदा फेब्रुवारीला सहा जणी गेलो. लाल हातांनी. अस्वलं उचलली, बदामाच्या आकाराच्या उशा दाबून बघितल्या, पांढरे कप फिरवून बघितले, एकूण एक रुमाल चोळला. दुकानदार नुसता बघत राहिला. पाऊण तासाने मी म्हटलं, “माल हलका आहे, शेठ.” आणि निघालो. काही घेतलं नाही.

यंदा अकरा जणी तयार आहेत. आम्ही जाणार, आणि हात लावणार.