ओल्या वाळवंटात तीन दिवस

सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून मी सिडनीला गेले आणि करोनामुळे चौदा महिने झाले तरी तिथल्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या मुलाच्या घरातच होते. हे नागपूरला एकटे. नेहमीची विमानं बंद. परत जायचं तर सरकारी विमानाच्या यादीत नाव लावायचं, सीट निघाली की फोन येतो, आणि तिथल्या तिथे हो म्हणायचं, नाहीतर सीट दुसऱ्याला. फॉर्म मुलाने भरला, नंबरही त्याचाच. इंग्रजीत कोणी बोललं की मी गडबडते, म्हणून मीच तसं सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या सुट्टीत त्याने मोटरहोम भाड्याने आणलं. गाडीतच गॅस, बेसिन, संडास, झोपायच्या फळ्या, सगळं. आईला वाळवंटातलं नॅशनल पार्क दाखवायचं, आई घरात बसून कंटाळली आहे. दोन दिवसांनी पोचलो. लाल माती, नजर जाईल तिथवर सपाट, मध्ये एकच टेकाड. आणि पोचलो त्याच संध्याकाळी पाऊस. वाळवंटात पाऊस, आता बोला. सकाळी रेंजर बाई येऊन सांगून गेली की कच्च्या रस्त्याचा चिखल झालाय, वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही. दोन दिवस, कदाचित तीन. वर नो वरीज म्हणाली.

मला कसलं नो वरीज? फोनला रेंज नव्हती. मी मुलाच्या मागे लागले, त्या टेकाडावर चढून बघ, सीटचा फोन येऊन जाईल. चहा करताना म्हटलं, कुकर लावताना म्हटलं. तो बाळाचा डायपर बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, फोन येऊन गेला. मागच्या आठवड्यात. मी नाही म्हटलं."

सुनेचा हात थांबला. तिलाही ठाऊक नव्हतं, तोंडावरूनच कळलं.

मग त्याने सगळं सांगितलं. नागपुरात दुसरी लाट, दवाखान्यात बेड नाही, अशात कसं पाठवायचं. आणि बाबांनीच सांगितलं होतं, पाठवू नको म्हणून. म्हणजे बापलेकांनी ठरवलं, आणि जिला जायचं तिला विचारलंच नाही.

नागपुरात मला राग आला की मी मागच्या गल्लीत बहिणीकडे जाऊन बसते. या गाडीत रुसायला जागाच नाही हो. वळलं की कोपर शेगडीला. बंद होणारं दार एकच, संडासाचं. मी आत जाऊन झाकणावर बसले, गुडघे भिंतीला टेकलेले. रडायचंही कसं, त्या डब्यात हुंदका दिला तरी चौघांना ऐकू जाणार. पाच मिनिटांत मोठी नात दार वाजवते, "आजी, आय नीड टू गो." निघाले बाहेर.

दुसऱ्या दिवशीही चिखल तसाच. मी मुलाशी बोलत नव्हते, पण त्याचं ताट माझ्याच हातून जायचं. ते देताना न राहवून विचारलं, "तुझ्या बाबांना काही झालं, तर मी इथून मोबाईलवर बघायचं?"

"आणि तुला झालं, तर मी इथून बघायचं?" तो म्हणाला.

 मी त्याच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला. पहिल्या पेट्रोल पंपावर रेंज आली, यांना फोन लावला. जयभीम झाल्यावर म्हटलं, मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

हे म्हणाले, "म्हणूनच विचारलं नाही."

फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, तो फॉर्म उघड आणि त्यावर माझा नंबर टाक. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. तिने त्याला विचारलं नाही. टाकला.

जुलैत सीटचा फोन आला तेव्हा मी बाळाचे कपडे वाळत घालत होते. पलीकडच्या मुलीचं बोलणं अर्धं कळलं, अर्धं नाही. तिने काय काय विचारलं कोण जाणे. मी प्रत्येक वेळी यस म्हटलं.