दाजी कवाच चुकले न्हाईत

माझे दाजी, म्हंजी आक्काचे मालक, ज्ञानबा. पाणाड्या म्हणून सोलापूरपासनं पार करकंबापतुर त्यांचं नाव. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं फिरायचे. नारळ उभा राहिला की तितं टाच मारायची आन म्हणायचं, "हितं खणा." पाणी लागलं की महिनाभर मिशीला पीळ. न्हाय लागलं, तर नारळ सुतकाच्या घरचा, न्हायतर रानाच्या मालकानं दोन हात कमी खणलं. ऐकून ऐकून माझे कान किटले.

आन आमची आक्का दगडाबाई? जगाला पाणी दावणाऱ्याची बायको, पण अर्ध्या कोसावरनं घागरी वाहायची. कंबर पार गेली होती तिची. मला लई वाईट वाटायचं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्या उन्हाळ्यात गिरणीतलं माझं काम बंद पडलं आन मी आक्काकडं आलो. ती म्हणाली, "औंदा तरी आपल्या दारात खणा." दाजींनी नारळ फिरवला, टाच मारली, खुणेला धोंडा ठेवला आन दुसऱ्याचं पाणी बघायला करकंबाला गेले. खणणं माझ्या गळ्यात. दाजी पंधरा दिसांनी परतले, मग दोघं लागलो. बावीस हात गेलो. हाताची सालटी निघाली. खाली नुसता कोरडा खडक.

"धोंडीराम, तुझ्या पहारीत जोरच न्हाय!" दाजी कावले.

"तुमच्या नारळालाच डोळे न्हाईत!" मीबी सोडलं न्हाय. शेजारपाजारचे गोळा झाले.

आक्का मातीच्या ढिगाला टेकून बसली होती. म्हणाली, "तुमचं दोघांचंबी बरोबर हाय. मला येवढंच सांगा, मी आजून किती साल वाहू?"

ती कंबरेवर हात ठेवून उठली आन पाण्याला गेली. मरंस्तवर जातच होती, बिचारी.

आता दाजीबी न्हाईत, म्हणून सांगतो. त्यांनी टाच मारली ती बाभळीच्या बुडात. त्या मुळ्या कोण तोडत बसणार? ते करकंबाला गेल्यावर मी धोंडा पाच पावलं अलीकडं घेतला आन तितं खणलं. पण दाजींनी परत आल्यावर खड्ड्यात वाकून बघितलं की! म्हणाले, "हीच ती जागा." मग तुमीच सांगा, माझं काय चुकलं?