टेकडीच्या पोटातलं घर

नवी जागा बघायला गेल्या की बाई आधी आडव्या पडत. डोक्यावरची टोपी काढून तोंडावर ठेवत आणि गवतात सरळ उताण्या. मालकाला वाटे, बाईंना ऊन लागलं. कोणी पाणी आणायला धावे, कोणी कांदा शोधू लागे. मग टोपीखालून आवाज येई, "उतार कसा आहे ते पाठीला कळतं. जरा थांबा."

बाई आर्किटेक्ट होत्या. मुंबईच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बोर्डीच्या एका वाडीत राहायला आल्या होत्या. मी मसोलीचा, बांधकामावरचा सुपरवायझर. त्यांच्या बहुतेक कामांवर मीच असायचो. म्हणजे बाई आणि मालक यांच्या मध्ये उभा असायचो. तुम्ही कधी घर बांधलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, साइटवर सगळ्यात जास्त ऊन याच जागेवर लागतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घर दिसता कामा नये." झाडं दिसावीत, टेकडी दिसावी, घराने आपलं गुपचूप त्यात बसावं. दगड तिथलाच, माती तिथलीच, खिडक्या वाऱ्याच्या बाजूला. कोणी एसीचं नाव काढलं की पानात शिळं वाढल्यासारखा चेहरा करत.

अशा बाईंना मालक मिळाले शेठ.

शेठ डहाणूचे, चिकूचे गुजराती व्यापारी. सगळा जन्म दुकानामागच्या दोन खोल्यांत गेला होता. आता तलासरीजवळ हायवेला लागून त्यांनी एक टेकडी घेतली होती आणि तिच्या डोक्यावर त्यांना बंगला हवा होता. "वापीला जाणाऱ्याने गाडीची काच खाली करून विचारलं पाहिजे, बंगला कोणाचा?" पांढरे खांब ठरले होते. गेटवर बसवायचे सिमेंटचे दोन सिंह तर येऊनही पडले होते.

मग त्यांनी बाईंना कशाला बोलावलं, असं तुम्ही विचाराल. बोलावलं होतं भाभींनी, म्हणजे शेठांच्या बायकोने. मे महिन्यात त्या बोर्डीला कोणाकडे गेल्या होत्या. ते घर बाईंनी बांधलेलं. वीज गेली होती, तरी भाभींना भरदुपारी गाढ झोप लागली. उठल्या त्या ठरवूनच.

पहिल्या दिवशी बाई गवतातून उठल्या आणि केसांतली कुसळं काढत म्हणाल्या, "घर मागच्या उतारावर."

"मागे?" शेठ म्हणाले. "मागे तर काहीच नाही, बेन."

"ताड आहेत. समुद्राकडचा वारा आहे."

"पण हायवे पुढे आहे ने."

"म्हणूनच."

शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताडांकडे पाहिलं. भाभींनी एवढंच विचारलं, "वारा स्वयंपाकघरात येईल?"

"आधी तिथेच येईल."

विषय संपला.

घर निम्मं टेकडीच्या पोटात गेलं. भिंती काळ्या दगडाच्या, आतून मातीचा गिलावा. स्लॅबवर माती पसरून टेकडीवरचंच गवत लावलं. पावसाळा सरेपर्यंत टेकडी कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं ते मलाही चटकन सांगता येईना. एकदा शेठ वर चढून आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काम दिसत नाही कुठे?"

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही हॉलवर उभे आहात."

सिंहांचा प्रश्न उरला होता. बाईंनी बराच विचार केला. "गवतात बसवा. सिंह गवतातच असतो." शेठ आधी खूश झाले. गवत वाढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सिंहही गेले.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या हायवेवर वरखाली फिरत राहिल्या. शेठ फोनवर सांगत होते, "ताडाच्या डावीकडे." तिथे सगळीकडे ताडच आहेत. भटजी शेजारच्या शेतातल्या पंपाच्या खोलीलाच घर समजून तिच्यापुढे सामान मांडून बसले होते, त्यांना उठवून आणलं. होम पेटला आणि पाड्यावरच्या शेळ्या चरत चरत छपरावर आल्या. त्यातली एक झरोक्यातून खाली बघत राहिली, अगदी मंत्र संपेपर्यंत. एवढंही शेठांनी सोसलं. पण वलसाडहून आलेल्या व्याह्यांनी जेवताना विचारलं, "जागा छान आहे. बंगला कधी बांधताय?"

शेठ पानावरून उठले. आम्ही निघताना बाईंना म्हणाले, "बेन, तुम्ही माझं घर पुरलंत."

बोर्डीला गाडीतून उतरताना बाई म्हणाल्या, "त्यांना ते कोणाला दाखवायचं होतं, हे मी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन त्या शेठांच्या दुकानात गेल्या आणि तेच विचारलं. शेठांनी एक चिकू उचलून हातात फिरवला.

"माझे बापूजी याच रस्त्याने डोक्यावर टोपली घेऊन जायचे," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या एका बंगल्यात पाणी मागायचे. कधी मिळायचं, कधी नाही. ते म्हणायचे, आपलं घर इथे असतं तर बरं झालं असतं."

बाईंनी मान हलवली. परत टेकडीवर गेल्या, पण या वेळी पुढच्या बाजूला, हायवेच्या कडेला. तिथे बसून त्यांनी कागदावर पाणपोई काढली. बसायला दगडी ओटा, वर कौलं, आत मातीचे माठ. आणि पांढरे खांब. मी कागदाकडे बघत राहिलो तशा त्या चिडल्या. "बघताय काय? पाणी दिसलं पाहिजे." वर शेठांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं. गवतातून सिंह उपसून दोन बाजूंना बसवले. आता ट्रकवाले तिला सिंहवाली पाणपोई म्हणतात आणि काच खाली करून खरंच विचारतात, कोणाची?

त्यानंतर शेठांना घराचाही नाद लागला. पाहुण्यांना टेकडीवर नेत आणि म्हणत, "बोला, माझं घर कुठे आहे?" पाहुणे शोधत बसत. कोणाला सापडलं तर शेठ जरा नाराज होत. बाई भेटल्या की मात्र दोघांचं भांडण ठरलेलं. कधी गेटच्या रंगावरून, कधी शेठांनी चोरून लावलेल्या लाइटवरून. भाभी दोघांना चहा देऊन आत निघून जात.

गेल्या थंडीत बाई बोर्डीच्या घरी वारल्या. आजार लहानच वाटला होता. काही दिवसांनी शेठांचा फोन आला. "हॉलमध्ये लावायला बेनचा एक फोटो पाहिजे."

मी मोबाइल धुंडाळला. दगडांचे फोटो, पायाचे फोटो, शेळ्यांचेसुद्धा. बाईंचा चेहरा नीट आलेला एकच सापडला. त्यात त्या बोट उगारून शेठांना काहीतरी सुनावतायत आणि शेठही तोंड उघडून बोलतायत. म्हटलं, बाईंचा तेवढा कापून देतो.

"कशाला कापतो? मी पण चांगला आलोय," शेठ म्हणाले.

परवा गेलो तर फोटो मातीच्या भिंतीवर लागला होता. शेठांनी मोठा हार आणला होता, पण तो स्टुलावर तसाच पडून होता. भाभी स्टुलाजवळ उभ्या होत्या.

"हार घालायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्यात हे पण आहेत."

शेठांनी थोडा विचार केला आणि हार गुंडाळून ठेवला. फोटोत दोघं भांडतच होते. भाभींनी चहा आणला.