पोफळीच्या वाडीतली आकाशगंगा

कोजागिरीला आकाशगंगेवर व्याख्यान ठेवायचं, हा ठराव आमच्या श्रीवर्धनच्या शाळा समितीचा. पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात आकाशगंगेचा मागमूसही उरत नाही, हे त्या शहाण्या मंडळींपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. दूध प्यायला गाव जमतंच, त्यात व्याख्यानही उरकेल, एवढाच हिशेब. माझं डोकं तसं लवकर तापतं, पण तेव्हा मी तोंड मिटून बसले. त्या व्याख्यानावर मुलींची सातवी अवलंबून होती.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या सालानंतरची. गावात मुलग्यांना सातवीपर्यंत शाळा होती, मुलींना सहावीपर्यंत. सहावी झाली की मुलींनी सुपारी सोलायची आणि स्थळं यायची वाट बघायची. पुण्याला शिकून मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते, आणि लागल्या लागल्या समितीकडे सातवीचा वर्ग मागितला. समितीचे अध्यक्ष आमच्या शेजारचेच, गावातल्या सगळ्यात मोठ्या पोफळीच्या वाडीचे मालक. मी त्यांना काका म्हणायची. अख्खा गाव मला बाई म्हणायला लागला होता, काकांनी मात्र लहानपणचं 'गो' सोडलं नव्हतं. त्यांची स्वतःची नातही सहावी होऊन घरी बसली होती.

"सातवीत असं काय मोठं शिकवणार आहेस गो?" ते म्हणाले. "एकदा गावाला दाखव. पटलं तर वर्ग."

काय दाखवायचं ते माझं ठरलेलं होतं. पावसाळा संपून आगबोट सुरू झाली तशी मुंबईहून माझी मासिकं आली होती. आकाशगंगा म्हणजे असंख्य ताऱ्यांची दाटी, हे मला ठाऊक होतं. पण आपला सूर्यही त्यातलाच एक, आणि तोही मध्यावर नाही, पार एका बाजूला, हे तेव्हा नवीन होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. "स्वर्गातली गंगा ती," आई म्हणाली, "तिला कसला मध्य?" आणि चूल फुंकायला लागली.

कोजागिरी काही हलणार नव्हती. मग मी काकांना म्हटलं, व्याख्यान तुमच्या वाडीत करते, ऊन उतरल्यावर, चंद्र उगवायच्या आत. काका हसले. "दिवसाउजेडी आकाशगंगा दाखवणार?" मी हो म्हटलं.

लोक आले. पुरुष पुढे, बायका मागे पाण्याच्या पाटाच्या कडेला. मी सगळ्यांना वाडीतच उभं केलं आणि म्हटलं, वर बघा. झावळ्यांच्या फटींतून लगेच मोकळं आभाळ. आता समोर बघा, वाडीच्या लांबीला. जवळच्या पोफळी सुट्या दिसतात, पुढच्या दाटतात, आणि शेवटी खोडामागे खोड लागून नुसता पांढुरका पट्टा उरतो. आकाशगंगा ती हीच. आपली ताऱ्यांची वाडी अशीच चपटी पसरलेली आहे आणि आपण तिच्या आत उभे आहोत, म्हणून तिच्या लांबीला पाहिलं की तो पट्टा दिसतो. त्या टोकाकडून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला हजारो वर्षं लागतात. या वाडीच्या दगडी कुंपणापलीकडे, गडग्यापलीकडे, दुसऱ्याही वाड्या आहेत, आणि त्यातली एक नुसत्या डोळ्यांनी दिसते.

बायका पुढे सरकल्या होत्या. काका मात्र अस्वस्थ झाले.

"म्हणजे आपण मध्यभागी ना?"

"नाही. पार कडेला."

"मग आपली किंमत ती काय राहिली?" त्यांचा आवाज चढला. वर्ग हातचा गेला, असं मला वाटलं. पण तोवर माझंही डोकं तापलं होतं.

"काका, तुमचं घर तरी वाडीच्या मध्यभागी आहे का? रस्त्याच्या कडेला तर आहे. म्हणून वाडी तुमची नाही, असं कोण म्हणतं?"

मागे बायकांत कुणीतरी हसलं. दूध झालं, चंद्र वर आला, लोक पांगले. मी निघाले तेव्हा काकांनी विचारलं, "ती दुसरी वाडी कधी दिसेल?"

"अवसेला," मी म्हटलं.

दिवाळीच्या अवसेला लक्ष्मीपूजन आटोपून काका नातीला घेऊन समुद्रकाठच्या पुळणीवर आले. मी कंदील विझवायला लावला. थोड्या वेळानं डोळे सरावले आणि समुद्रावरून निघालेला तो पट्टा उत्तरेच्या आभाळातून पलीकडे उतरलेला दिसला. लहानपणापासून बघत आलेली मी, पण ही ताऱ्यांची वाडी आपली आहे, या विचारानं त्या रात्री ऊर भरून आला.

शर्मिष्ठेच्या ताऱ्यांवरून वर जात मी देवयानीतली त्या दुसऱ्या वाडीची जागा दाखवली. रोखून बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा, म्हणजे पुसटसा ठिपका दिसेल. काका मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले.

"आजोबा, तो बघा! काचेवर फुंकर मारल्यासारखा," नात म्हणाली.

"मला नाही दिसत," काका म्हणाले. मग नातीकडे वळून, "तुला दिसतोय ना? मग झालं."

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा ते स्वतः तिला घेऊन आले. सातवीच्या नव्या वर्गात अजून बसायची बस्करंही घातली नव्हती. दाराशी त्यांनी जोडे काढले आणि मला म्हणाले, "बाई, ही तुमची पहिली मुलगी."