कुंपणापलीकडे फेकलेला पाला

निवृत्तीनंतर तलासरीजवळ घर बांधून आम्ही दोघं राहायला आलो, तेव्हा परसात मुरूम आणि दगड सोडून काही नव्हतं. होळी झाली की बोअरिंगचं पाणी आटायचं. बायकोने हौसेने लावलेल्या गुलाबांनी पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकल्या. मग एक दिवस शेजारच्या पाड्यावरची मावशी शेवग्याची जाड फांदी, अडुळशाच्या काड्या आणि कोरफडीची पिल्लं घेऊन आली.

"बाई, पाण्याचे लाड मागणारं झाड इथं नाय टिकायचं," ती म्हणाली. खड्डे तिनेच खणले. बुंध्याशी पालापाचोळा कसा दाबायचा तेही दाखवलं. दोन वर्षांत परस हिरवं झालं. मावशीची शेळी कुंपणाशी येऊन उभी राहायची आणि बायको तिला शेवग्याचा पाला घालायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात शेवग्यावर पिठ्या ढेकूण पडला. कापूस चिकटवल्यासारख्या फांद्या पांढऱ्या झाल्या. बायको रोज सकाळी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक फांदी पुसायची, निंबोळीचा अर्क मारायची. मला ते हसण्यासारखं वाटायचं. ती चार दिवस झाई गावी भावाकडे गेली, तसं मी डहाणूच्या एका चिकूवाडीतून उरलेलं जहाल औषध आणलं आणि सगळ्या झाडांवर मारलं. फारच बरबटलेल्या फांद्या छाटून कुंपणापलीकडे फेकल्या. जनावरांना पाला घालू नये, हे बाटलीवर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात उभी. गाभण शेळी तोंडाला फेस येऊन मेली होती.

"भाऊ, झाडांवर काय मारलंत का?"

"नाही. साप चावला असेल."

ती आल्या पावली निघून गेली.

बायको परत आली. शेळी मेल्याचं तिला वाटेतच कळलं होतं, पडवीतली बाटली पाहून बाकीचं सगळं कळलं. भांडली नाही. घातलेल्या चपलांनिशी तशीच पाड्यावर गेली आणि खरं काय ते सांगून आली. दुसऱ्या दिवशी मी नवी शेळी घेऊन गेलो. मावशीने दोरीला हात लावला नाही.

"शेळी गेली ती गेली. पण मी विचारलं तेव्हा खोटं का बोललात?"

मी शेळी घेऊन परतलो, जिच्याकडून विकत घेतली होती त्या बाईला परत देऊन टाकली.

याला चार वर्षं झाली. कीड दर उन्हाळ्यात येतेच. बायको एकटीच पुसत बसते, मला झाडांना हात लावू देत नाही. मावशी येते, दोघी कुंपणाशी बोलत उभ्या असतात. मी बाहेर आलो की मावशी पदर सारखा करून चालू लागते.

"अजून किती दिवस हे?" मी एकदा बायकोला विचारलं.

"तिलाच विचारा," ती म्हणाली.

अजून विचारलेलं नाही.