फुटव्हॉलचं चामडं
दर वर्षीच्या तपासणीत छातीवर ते गार, चिकट मलम लागलं की मला जळगावचा दवाखाना आठवतो. त्या दिवशी बाहेर ऊन रणरणत होतं, पण मशीनच्या खोलीत अंगावर काटा आला. सदरा काढून मी आडवा पडलो, बायको उशाशी माझी टोपी धरून उभी. पडद्यावर माझं काळीज लाल-निळं उसळत होतं. डॉक्टर म्हणाले, "आबा, ही झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. तिच्यावर केवढा ताण येतो ते कॉम्प्युटरनं मोजलंय. बदलावी लागेल." मला हसू आलं. विहिरीतल्या मोटारीच्या फुटव्हॉलचं, म्हणजे पाइपाच्या तळच्या झडपेचं, चामडं झिजलं की पाणी असंच मागे उतरतं. ते मी जन्मभर स्वतः बदललं, मिस्त्रीला बांधावर येऊ दिलं नाही. "मग बदला की!" मी ऐटीत म्हणालो. बायको डॉक्टरांना म्हणाली, "चामडं बदलतांना हे मोटार बंद करतस. तुम्ही बी करशात का?" "करावं लागतं, अक्का. थोडा वेळ काळीज थांबवतात." माझी ऐट तिथेच उतरली. ती म्हणाली, "बंद ते कोनी बी करी. परत चालू कोन करस, त्यानी गाठ घाली द्या. मंगच मी सही करसू." ऑपरेशन पुण्याला होतं; तिथे जाऊन ती सर्जनला भेटली, तेव्हाच मला टेबलावर जाऊ दिलं. ही धातूची झडप टिकटिक वाजते. बायको होती तोवर निजण्याआधी छातीला कान लावायची, "चालू शे" म्हणायची आणि कुशीवर वळायची. आता थकलोय, टिकटिक एकटाच ऐकत पडतो, आणि झोप काही येत नाही.