अर्ध्या भावात

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अपंगांसाठी कायदा झालाय, आता पायाकडे बघून कुणी नोकरी नाकारू शकत नाही, असं पालघरच्या शाळेतल्या आमच्या बाईंनी सांगितलं आणि मी शहाणी लगेच बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले. उभी कसली, काठीवर टेकलेली. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला. सोबत आई. सातपाटीहून रोज बाजाराला मासळी नेणारी बाई, पण त्या दिवशी टोपली घरी ठेवून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

काम गोळ्यांच्या पॅकिंगचं. साहेबांनी माझे हात बघायच्या आधी पाय बघितला. इथे बायका दिवसभर उभ्याने काम करतात, म्हणाले. मी म्हटलं, स्टूल द्या, बसून तेवढंच काम करीन. आणि मी कायद्याचंही बोलले. ते हसले. कायदा सरकारी नोकरीला, ही खासगी कंपनी आहे, म्हणाले. बाईंनी हे सांगितलंच नव्हतं.

मी निघाले, तर आईने माझा दंड धरला. तिचा जन्म बाजारात गेलेला. गिऱ्हाईक पाठ फिरवायला लागलं की भाव उतरवायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं.

"साहेब, पोरीचे हात धड हायेत. अर्ध्या पगारात ठेवा तिला."

साहेबांनी जराही विचार केला नाही. सोमवारपासून ये, म्हणाले. स्टूलही देतो म्हणाले. म्हणजे अडचण मेली स्टुलाची नव्हतीच! लाज खरं तर त्यांना वाटायला हवी होती, पण वाटली मला. आईची वाटली, माझ्या पायाची वाटली, आणि काम मिळालं म्हणून आतून बरं वाटलं, त्याची तर सगळ्यात जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी आईच्या मागे खोक्यावर बसले होते. एका गिऱ्हाइकाने पापलेट उचललं, शेपटी तुटलीय म्हणून अर्ध्या भावात मागितलं.

"शेपटी तुटली म्हणून मासा नासला काय? पुरा भाव लागंल."

गिऱ्हाईक पुरे पैसे देऊन गेलं तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. मी साडी ओढून पाय झाकून घेतला. सोमवारी अर्ध्या पगारावर कामाला लागले.